वराहपैदास केंद्रांना खुले पत्र: सदोष पिल्लू पुरण्याआधी त्याची नोंद करा

प्रति,
महाराष्ट्रातील शासकीय आणि खाजगी वराहपैदास केंद्रांचे सर्व प्रमुख, तसेच पैदाशीसाठी नर व माद्या विकणारे वराहपालक यांस

विषय: जन्मजात दोष असलेल्या पिल्लांची आईबापांसह नोंद ठेवणे आणि ती खरेदीदाराला देणे

सप्रेम नमस्कार.

मी ग्रामीण भागात काम करणारा पशुवैद्य आहे आणि माझ्या कामाचा बराचसा वेळ डुकरांच्या गोठ्यांत जातो. गेल्या पावसाळ्यात एका वराहपालक ताईंचा सकाळीच फोन आला. सहा दिवसांच्या नर पिल्लाचे खच्चीकरण करताना चिरेतून वृषणाबरोबर आतडीही बाहेर आली होती. मी पोहोचेपर्यंत पिल्लू गेले होते. ताई म्हणाल्या, की असे हे तिसरे पिल्लू, आणि पहिल्या दोन वेळी आपलाच हात चुकला असे समजून त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. त्यांचा हात चुकला नव्हता. पिल्लाला जांघेतला हर्निया होता, म्हणजे पोटाच्या तळाशी ज्या वाटेने वृषण खाली उतरतात ती वाट नीट मिटलेली नव्हती आणि आतडे आधीच वृषणाच्या पिशवीत येऊन बसले होते. शेजारच्या कप्प्यात दोन महिन्यांचा आणखी एक नर तशीच फुगलेली पिशवी घेऊन फिरत होता. महिन्यापूर्वी दुसऱ्या एका मादीच्या वेतात गुदद्वारच नसलेले पिल्लू जन्मले आणि पोट फुगून मेले, हेही बोलता बोलता कळले.

ताईंनी दहा माद्या आणि एक नर एकाच केंद्रातून, एकाच दिवशी विकत घेतले होते. वंशावळीचा कागद मिळाला नव्हता, पण जनावरांच्या कानांना खाचा पाडलेल्या होत्या. उजव्या कानाच्या खाचा वेताचा क्रमांक सांगतात आणि डाव्या कानाच्या त्या वेतातल्या पिल्लाचा क्रमांक, ही पद्धत आपणा सर्वांना ठाऊक आहे. मी त्या खाचा वाचल्या, तर नराच्या आणि दोन माद्यांच्या उजव्या कानावर एकच क्रमांक होता. ती सख्खी भावंडे होती. केंद्राला हे माहीत होते, कारण खाचा केंद्रानेच पाडल्या होत्या. ज्यांनी कर्ज काढून पैसे मोजले त्यांना मात्र ते कोणी सांगितले नव्हते. त्या केंद्राचे नाव मी येथे घेत नाही, कारण असा व्यवहार एकाच ठिकाणी होतो असे मला वाटत नाही आणि हे पत्र एकावर आरोप करण्यासाठी लिहिलेले नाही.

माझी मागणी एकच आहे. जन्मजात दोष असलेले पिल्लू, ते जिवंत असो वा मेलेले, पुरण्याआधी नोंदवहीत लिहावे, त्याच्यासमोर आई आणि बाप दोघांचे क्रमांक लिहावेत, आणि त्या आईबापांची संतती पैदाशीसाठी विकताना ती नोंद खरेदीदाराच्या हाती द्यावी. हे इतके साधे काम इतके महत्त्वाचे का आहे, ते सांगण्यासाठी थोडे विस्ताराने लिहावे लागत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. गोठ्यात विचित्र पिल्लू जन्मले की कोणी ग्रहणाला दोष देते, कोणी खाद्याला, कोणी पाण्याला. केंद्राकडे तक्रार गेली की तिथूनही बहुधा 'तुमच्या खाद्यातच काहीतरी असेल' असेच उत्तर येते. उलट, चार पुस्तके वाचलेला माणूस प्रत्येक दोषावर 'आनुवंशिक' असा शिक्का मारून मोकळा होतो. जन्मजात म्हणजे आनुवंशिक नव्हे. अमेरिकेतील टेक्सासच्या कृषी प्रयोग केंद्रात फ्रेड हेल यांनी 1930च्या दशकाच्या सुरुवातीला एका ड्युरॉक मादीला 'अ' जीवनसत्त्व नसलेला आहार दिला, तेव्हा तिच्या एकाच वेतातली अकराच्या अकरा पिल्ले डोळ्यांच्या बुबुळांसह संपूर्ण नेत्रगोलच नसलेली जन्मली. हेल यांचे निष्कर्ष 1933 साली प्रसिद्ध झाले. पुढे अशाच आंधळ्या जनावरांचा आपसांत संकर करून, त्यांना पुरेसे 'अ' जीवनसत्त्व दिल्यावर डोळस पिल्ले जन्माला आली. दोष जनुकात असता तर असे झाले नसते. अमेरिकेतल्याच केंटकी राज्यात गाभण माद्यांनी तंबाखूचे देठ खाल्ल्यामुळे वाकड्या, आखडलेल्या पायांची पिल्ले जन्मल्याचे आढळले. निपाणीच्या आसपास तंबाखूच्या शिवारालगत डुकरे पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

सर्वांत बोलके उदाहरण थरथरणाऱ्या पिल्लांचे आहे. जन्मल्यापासून पिल्लाचे अंग थरथरते, झोपले की थरथर थांबते, उठले की पुन्हा सुरू होते, आणि थरथर जास्त असेल तर त्याला सड तोंडात धरता येत नाही. लक्षण एकच, पण कारणे वेगवेगळी. मादी गाभण असताना तिला स्वाइन फीव्हरच्या विषाणूची लागण झाली तर असे होते. त्याच विषाणूच्या गटातल्या, 2015 साली अमेरिकेत ओळखल्या गेलेल्या दुसऱ्या एका पेस्टीव्हायरसमुळेही होते. गर्भकाळाच्या मध्यावर जंतासाठी किंवा खरजेसाठी ट्रायक्लोर्फॉन हे औषध दिले गेले तरी होते. लँडरेस जातीत मात्र एक्स गुणसूत्रावरच्या जनुकातील दोषामुळे थरथर येते. तिथे आई निरोगी दिसते आणि तिच्या नर पिल्लांपैकी सरासरी निम्म्यांत दोष उतरतो. ब्रिटनच्या सॅडलबॅक जातीतला प्रकार आणखी वेगळा आहे. तो आई आणि बाप या दोघांकडून सदोष जनुक आल्याशिवाय दिसत नाही. आता सांगा, नुसते पिल्लू पाहून कोणता पशुवैद्य कारण ठरवू शकेल? मी तरी ठरवू शकत नाही. एकाच पंधरवड्यात वेगवेगळ्या नरांपासून झालेल्या वेतांत दोष दिसला, तर खाद्य, औषध किंवा रोग यांच्याकडे बोट जाते. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा उलटले, खाद्य बदलले, माद्या बदलल्या आणि तरीही दोष एकाच नराच्या वेतांत दिसत राहिला, तर रक्ताकडे बोट जाते. हा फरक नोंदवहीशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग माझ्याजवळ नाही.

पाय फाकलेल्या पिल्लांविषयी फार लिहीत नाही. त्यात जातीचा वाटा आहे, लँडरेसमध्ये ते अधिक दिसते, पण कमी जन्मवजन आणि निसरडी फरशी यांचाही वाटा मोठा आहे. मागचे पाय चिकटपट्टीने योग्य अंतरावर बांधून पिल्लाला वेळेवर दूध मिळाले, तर पुष्कळशी पिल्ले आठवड्याभरात उभी राहतात. लिहायला हवे ते हर्नियाविषयी आणि न उतरलेल्या वृषणांविषयी, कारण तिथे केंद्रांकडून नकळत मोठी चूक होते.

हे दोष एका जनुकाचे नाहीत. निरनिराळ्या जातींच्या अभ्यासांत निरनिराळ्या गुणसूत्रांवरचे अनेक भाग त्यांच्याशी जोडलेले आढळले आहेत. प्रत्येक सदोष जनुक थोडा थोडा भार टाकतो, त्यात वजन, वाढ, जन्माच्या वेळची ओढाताण यांचा भार मिसळतो आणि एकूण भार एका मर्यादेपलीकडे गेला की दोष दिसतो. मर्यादेच्या काठावर असलेले पिल्लू निरोगी दिसते, निरोगी म्हणून निवडले जाते आणि निरोगी म्हणून विकलेही जाते. वृषणाच्या पिशवीतला हर्निया तर मादीत दिसणारच नाही, कारण तिला ती पिशवीच नाही, पण तिच्या रक्तात तो भार असतोच आणि ती तो पिल्लांना देते. म्हणून हर्निया झालेले एक पिल्लू खच्ची करून खाटकाला दिले आणि त्याच वेतातला धडधाकट भाऊ पैदाशीचा नर म्हणून विकला, तर दोष कळपातून गेला नाही, तो फक्त दुसऱ्याच्या गोठ्यात गेला. एकच वृषण उतरलेल्या नराचेही तसेच आहे. तो नर माद्या गाभण करू शकतो, आणि म्हणूनच धोकादायक ठरतो. असा नर पैदाशीला कधीही ठेवू नये आणि त्याचे सख्खे भाऊही शक्यतो ठेवू नयेत.

काही दोष मात्र एकाच अप्रभावी जनुकाचे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दोष दाखवणाऱ्या जनुकाचे असतात, आणि तिथे थोडे गणित मांडल्याशिवाय डोळे उघडत नाहीत. समजा, अशा दोषाचे पिल्लू चारशेत एक जन्मते. संख्या इतकी लहान आहे, की पुष्कळ जण तिकडे लक्षही देणार नाहीत. पण माद्या आणि नर सरमिसळ जोडले जात असतील, तर त्या चारशे जनावरांत तो जनुक लपवून वावरणारी, बाहेरून पूर्ण निरोगी दिसणारी जनावरे जवळजवळ 38 असतात. केवळ सदोष पिल्ले बाजूला काढत राहिलो, तर त्या जनुकाचे प्रमाण निम्म्यावर यायला वीस पिढ्या लागतात. दर वर्षी नवी पिढी आली असे धरले, तरी वीस वर्षे. सदोष पिल्लू म्हणजे रोग नव्हे, ते फक्त खबर घेऊन आलेले असते, आणि आपण ती खबर न वाचताच पुरून टाकतो.

आता असा जनुक लपवून वावरणारा, म्हणजे वाहक, नर नात्यात नसलेल्या माद्यांना दिला, तर सदोष पिल्लू सुमारे चाळीसात एक जन्मेल. तोच नर स्वतःच्याच मुलींना दिला, तर आठात एक. सख्ख्या भावंडांची जोडीही याच मार्गाने जाते. ताईंच्या गोठ्यात नेमके काय घडले ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण गुदद्वार नसण्याच्या दोषाची आनुवंशिकता एका जनुकाइतकी सरळ नाही. पण एकाच वेतातला नर आणि माद्या एकाच खरेदीदाराच्या गाडीत चढवणे म्हणजे लपलेल्या दोषांना एकमेकांची गाठ घालून देणे होय, याबद्दल मला शंका नाही.

आपल्याकडे सदोष पिल्लू जन्मले की मादी विकली जाते. नर राहतो. दोष मादीचाच, ही सवय आपल्या समाजात किती खोलवर रुजलेली आहे ते मी येथे उगाळत नाही, पण पैदाशीच्या शास्त्रात ती सरळ चूक आहे. अप्रभावी जनुकाच्या दोषात आई आणि बाप दोघेही वाहक असल्याशिवाय सदोष पिल्लू जन्मतच नाही. शिवाय मादी वर्षाला दोन वेळा विते आणि वीसेक पिल्ले देते. दहा माद्यांमागे ठेवलेला एक नर त्याच वर्षात दोनशेच्या घरात पिल्ले देतो, आणि कृत्रिम रेतनासाठी वापरला तर त्याची पिल्ले हजारांत मोजावी लागतात. मादी विकून नर ठेवणारा वराहपालक गळक्या नळाखालची बादली बदलत असतो.

जे दोष डोळ्यांना दिसत नाहीत त्यांची कथा अधिक बोध देणारी आहे. लँडरेस आणि पिएट्रेन जातींत ताण सहन न होणारी डुकरे असत. गाडीत चढवताना, उन्हात, झुंजीत त्यांचे अंग ताठ होई, ताप चढे आणि ती मरत. कत्तलीनंतर त्यांचे मांस फिकट, मऊ आणि पाणी सुटणारे निघे. पूर्वी हॅलोथेन हा भुलीचा वायू हुंगवून अशी डुकरे ओळखत, पण त्या चाचणीत वाहक सापडत नसत. 1991 साली कॅनडातील संशोधकांनी कारण शोधून काढले. सहाव्या गुणसूत्रावरच्या आरवायआर 1 या जनुकातील 1843व्या स्थानी एकच अक्षर बदललेले होते, आणि त्यामुळे स्नायूंतील कॅल्शियमचा दरवाजा वेळेवर मिटत नव्हता. त्यानंतर रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून वाहक ओळखता येऊ लागला आणि अनेक देशांतल्या पैदासकारांनी आपले कळप स्वच्छ केले. पण हा जनुक मुळात इतका पसरला कसा? तो वाहून नेणारी जनावरे अंगाने भरलेली आणि कमी चरबीची असत, म्हणून आपणच त्यांना निवडत होतो. अगदी अलीकडे, 2018 साली, एका लँडरेस कळपात बीबीएस 9 या जनुकातील मोठा तुकडा गळालेला आढळला. तिथे वाहकांचे प्रमाण 10.8 टक्के होते. दोन्ही बाजूंनी तो दोष मिळालेली पिल्ले गर्भातच मरत, आणि एका बाजूने मिळालेली चांगली वाढत. फिनलंडच्या यॉर्कशायर जातीत नरांचे शुक्रजंतू आखूड शेपटीचे आणि न हलणारे निघू लागले. 2006 साली त्याचे मूळ सोळाव्या गुणसूत्रावर सापडले. त्या नरांच्या बहिणी मात्र व्यवस्थित वित होत्या आणि जनुक पुढे देत होत्या.

म्हणून 'आमच्या कळपात दोष नाही, कारण आमची जनावरे भरघोस वाढतात' हा दावा मी आता ऐकून घेत नाही. भरघोस वाढ आणि लपलेला दोष एकाच गाडीतून येऊ शकतात.

ज्या कैकाडी आणि वडार कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या काळी गावरान डुकरे सांभाळली, त्यांच्यासोबत आज आपल्या राज्यात नवे, सुशिक्षित, कर्ज काढून उतरलेले वराहपालकही आहेत आणि त्यांचा भर लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँडरेस, ड्युरॉक अशा बाहेरून आलेल्या जातींवर आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 माद्या आणि 10 नरांच्या पैदास प्रकल्पाला 50 टक्के, कमाल 30 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळण्याची सोय झाली, ही चांगली गोष्ट आहे. परंतु ते दहा नर दोन-तीन वेतांतलेच असतील, तर कागदावर दहा असलेले नर रक्ताने दोन-तीनच ठरतात, आणि तिथून विकली जाणारी प्रत्येक जोडी ताईंच्या गोठ्याची पुनरावृत्ती करू शकते. अनुदान तपासायला येणारे अधिकारी नर मोजतात. त्यांनी कानांच्या खाचाही वाचाव्यात, अशी माझी त्यांना या पत्राच्या निमित्ताने विनंती आहे.

वाहक सापडला की तो सरसकट कापून टाकावा, असे मात्र मी म्हणत नाही. मोठ्या कळपात तसे परवडते, लहान कळपात उलटे होते. गोव्यातील आगोंदा गोवन या नोंदणीकृत देशी जातीसारखी जिची संख्या मर्यादित आहे, तिथे प्रत्येक संशयित नर काढत गेलो तर उरलेले थोडे नर आणखी जवळच्या नात्यातले राहतील आणि दुसरे दोष वर येतील. अशा ठिकाणी वाहकाला वाहकाशी न जोडणे आणि चांगल्या वाहकाची निरोगी, वाहक नसलेली संतती मिळाल्यावर त्याला निवृत्त करणे हा मार्ग आहे. त्यासाठीही वहीच लागते.

नरावर खरोखर संशय असेल, तर त्याची परीक्षा केंद्रातच घेता येते. दोष एका अप्रभावी जनुकाचा असेल आणि माद्या नक्की वाहक असतील, तर त्या नरापासून सलग सोळा पिल्ले निर्दोष जन्मली तर तो वाहक असण्याची भीती जवळजवळ संपते, कारण वाहक नराकडून असे घडण्याची शक्यता शंभरात एक इतकीच असते. आरवायआर 1 सारख्या दोषासाठी तर इतकेही करावे लागत नाही, प्रयोगशाळेतली जनुक चाचणी पुरते. राज्यात रेतन पुरवणाऱ्या प्रत्येक नराची ही एक चाचणी तरी व्हावी. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात गाडीत चढवलेले डुक्कर मेले, की त्याचा दोष उन्हाला देऊन आपण मोकळे होतो. तो दोष उन्हाचा होता की रक्ताचा, हे निदान एकदा पाहिले पाहिजे.

सदोष पिल्लाची नोंद दाखवली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही केंद्रचालकांची भीती मला समजते. अनेकांनी ती मला तोंडी सांगितली आहे. पण कितीही काळजीने सांभाळलेल्या कळपात अधूनमधून असे पिल्लू जन्मतेच. ज्या केंद्राच्या वहीत वर्षानुवर्षे एकही सदोष पिल्लू नाही, तिथे दोष नाहीत असे मी मानत नाही, तिथे वही लिहिली जात नाही असे मानतो. आणि मी ज्यांना सल्ला देतो त्या वराहपालकांना यापुढे अशा केंद्राऐवजी सात दोष प्रामाणिकपणे नोंदवलेल्या केंद्राकडूनच नर घ्या, असे सांगणार आहे.

नोंदीसाठी संगणक लागत नाही. वेताची तारीख, आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, जिवंत किती, मेलेली किती, दोष कोणता, पिल्लू नर की मादी, आणि गाभणकाळाच्या 114 दिवसांत मादीला कोणते औषध व कोणते वेगळे खाद्य दिले, इतके लिहिले की पुरे. मेलेल्या पिल्लाचाही एकदा पार्श्वभाग पाहावा, टाळू पाहावी, पाय मोजावेत. या कामाला पाच मिनिटे लागतात.

ताईंनी मुलाच्या शाळेच्या जुन्या वहीत हे लिहायला सुरुवात केली आहे. पहिल्या पानावर त्यांनी अकराही जनावरांच्या कानांच्या खाचा चित्रासारख्या काढल्या आहेत. जुना नर त्यांनी काढला आणि दुसऱ्या जिल्ह्यातून, त्या माद्यांशी नाते नसलेला नर आणला. त्याची पहिली वेते येत्या महिन्यात होतील. त्या पानाची नक्कल मी कोणत्याही केंद्राला विनामूल्य देईन, आणि ताईंचीही त्याला संमती आहे.

आपला नम्र,
ग्रामीण महाराष्ट्रातील एक पशुवैद्य